‘माझा आवडता प्राणी’ आणि कुत्र्याचे गोचीड



चौथीच्या वर्गाला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला होता. नेहमीप्रमाणे निम्म्या वह्यांत ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे, त्याला चार पाय असतात’. एका मुलाने मात्र मनाने लिहिलं होतं, “मी शाळेतून गेल्यावर मोत्याचे गोचीड काढतो आणि नखाने फोडतो. बाबा रॉकेल लावतात.” स्वतःचा अनुभव लिहिलाय म्हणून मी लाल पेनाने ‘छान!’ असा शेरा देऊन मोकळी झाले. रात्री जेवताना आठवलं. छान कसलं? पोराच्या बोटांना रक्त लागतंय आणि बाई शाबासकी देतायत!

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर घरोघरचे उपाय बाहेर आले. रॉकेल, तंबाखूचं पाणी, पेटती अगरबत्ती, गुरांचं औषध. एक मुलगी म्हणाली, “बाईनू, आजयेन रॉकेल लावल्यान, कुत्रो रातभर वरडत होतो.”

माझं मत स्पष्ट आहे. हे उपाय नव्हेत, मुक्या जिवाला दिलेला त्रास आहे. रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. तंबाखूतलं निकोटीन त्याच्यासाठी विष आहे. गुरांच्या औषधाचं प्रमाण गुरांसाठी असतं, कुत्र्याला अंदाजाने लावायचं नाही. आणि एवढं करून गोचीड लगेच सुटतही नाही. तो फार हळू श्वास घेतो, गुदमरायला वेळ लागतो. उलट डिवचल्यावर त्याची लाळ जखमेत उतरायची भीती असते, आणि रोगाचे जंतू त्या लाळेतूनच येतात.

खरी रीत अगदी साधी आहे. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा. केस बाजूला करून गोचिडाला अगदी कातडीलगत, तोंडाजवळ धरायचं. फुगलेलं पोट दाबायचं नाही. मग झटका न देता, न पिळता, सरळ वर ओढायचं. निघालेला गोचीड साबणाच्या पाण्यात टाकायचा, फोडायचा नाही. जागा आणि आपले हात साबणाने धुवायचे. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नका, बहुतेक वेळा तो आपोआप बाहेर पडतो. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी नीट बघा. मुलांनी कुत्र्याला गोंजारत धरावं, चिमटा मोठ्यांच्या हातात असावा.

पण आपल्याकडे खरी गोम भिंतीत आहे. कुत्र्याच्या तांबूस गोचिडाची मादी पोट भरलं की खाली पडते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. पिल्लं कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, खाली उतरून कात टाकतात, पुन्हा चढतात. आपली घरं चिऱ्याची. न गिलावलेल्या चिऱ्याची भोकं म्हणजे गोचिडांची बालवाडीच! म्हणून मोत्या झोपतो त्या पडवीतल्या फटी बुजवा, त्याचं गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. याला मी घरगुती उपाय म्हणते. कापूर घातलेलं तेल मात्र चोळू नका, कापूर चाटण्यातून पोटात गेला तर कुत्र्याला बाधतो. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला कधीच लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजर त्याने दगावतं.

कुत्रा जेवत नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी चहासारखी काळपट होतेय, असं दिसलं तर घरचं काहीही न करता सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

सिंधुदुर्गातल्या माणसांना गोचीड म्हटलं की माकडताप आठवतो. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार 2016 मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला, नंतर बांद्याकडे. काजूच्या हंगामात लोक बागेत जायला घाबरू लागले. माकडताप पसरवणारे गोचीड जंगलातले, घरातल्या कुत्र्याच्या गोचिडाहून वेगळे. उगाच मोत्याला घराबाहेर काढू नका. पण बागेत मालकाबरोबर फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर जंगलातला गोचीडही येऊ शकतो. तेव्हा घरी आल्यावर कुत्र्याचं अंग तपासा आणि स्वतःचंही. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

एवढं सगळं आपल्याच जिल्ह्यात घडलेलं असताना परिसर अभ्यासाच्या तासाला गोचीड का नको? सहा पायांचं पिल्लू मोठं होऊन आठ पायांचं होतं, म्हणजे हा कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला, हे ऐकून माझा अख्खा वर्ग गप्प झाला होता. इमानी प्राण्याच्या दहा ओळींत एक ओळ तरी त्याच्या काळजीची असावी, असं मी आता निबंध देतानाच सांगते.

त्या मुलाच्या वहीत ‘छान’च्या खाली मी लिहिलं, “घरी चिमटा आहे का?” दोन दिवसांनी तो दप्तरातून आईचा भुवयांचा चिमटा काढून म्हणाला, “बाईनू, आयेक सांगूक नाय हा.”

तो चिमटा मी चिठ्ठीसकट परत पाठवला. मोत्यासाठी वेगळा घ्या म्हणून.