दांडा नसलेली सायकल

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या शिवारातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो पार मुंबईच्या दारापर्यंत पोचला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही आहे. वेगाचा रस्ता, तेव्हा ते बरोबरच आहे. तरी सायकली त्या रस्त्यानं जातातच. कुणाच्या कारच्या, कुणाच्या कॅम्पर व्हॅनच्या पाठीवर ऐटीत बसून जातात!

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. झोपायला जागा, छोटासा ओटा, पाण्याची टाकी. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडेही लोक अशा सहलींची चौकशी करू लागले आहेत. लोणारच्या सरोवराला जा, कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटं बघा. गाडी एका जागी उभी करायची आणि आजूबाजूचं सायकलीवर हिंडायचं. माझी भाची पुण्याहून अशीच सायकली लावून आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका गाडीमागे जमल्या. एकीनं विचारलं, “वहिनी, सायकल पडत नाही का हो मधातच?”

प्रश्न अगदी बरोबर होता. गाडीच्या सांगाड्याला मागच्या बाजूनं एक चौकोनी पोकळ लोखंडी नळी पक्की बसवलेली असते. तिला हिच म्हणतात. रॅकचा पाय त्या नळीत सरकवायचा आणि आडवी खीळ घालून कुलूप लावायचं. रॅक दोन तऱ्हेचे असतात. एकात सायकल दांड्यावर लटकते, दुसऱ्यात तिची दोन्ही चाकं पन्हाळीसारख्या पट्टीत उभी राहतात.

आता खरी गंमत ऐका. लटकवायच्या रॅकला सायकलचा आडवा दांडा लागतो, सीटपासून हँडलपर्यंतचा. आणि आपल्या लेडीज सायकलला तो नसतोच! साडी, झगा आड येऊ नये म्हणून आपली सायकल मुद्दाम तशी घडवली. रॅक करणाऱ्यानं मात्र पुरुषाची सायकल डोळ्यांपुढे ठेवली. मग बाजारात एक खोटा दांडा मिळतो, तो सीटखालच्या नळीला आणि हँडलच्या नळीला अडकवायचा, तेव्हा कुठे बाईची सायकल पुरुषाच्या सायकलीशेजारी लटकते. त्यापेक्षा चाकं ठेवायचा रॅक बरा. विकत घेताना बाईनं सोबत जावं आणि ‘माझी सायकल यात बसते का’ एवढं विचारावंच.

या दांड्याचा उलटा किस्साही आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेच्या जोडीनं हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण दांड्यावर लेकरू बसवता येत होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलं आहे. सोय कशात आहे, हे वापरणारीला बरोबर कळतं.

ज्या घरी असा बेत असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. एसटीच्या मागच्या सीटवर आपण सगळ्याच बसलो आहोत. पुढच्यापेक्षा तिथं गचके किती जास्त बसतात! मागच्या चाकाच्या जितकं मागे, तितकी उसळी मोठी. कॅम्परची शेपूट लांब असते, म्हणून तिथं लावायचा रॅक तेवढे गचके सोसणाराच हवा. आपली साधी सायकल पंधरा ते वीस किलोंची असते, तेव्हा रॅकला दर सायकलीमागे किती वजन चालतं ते आधी वाचा. पुढची जाळी, पंप, पाण्याची बाटली काढून घ्या. पुढचं चाक फिरू नये म्हणून पट्ट्यानं बांधा. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येऊ देऊ नका, गरम धुरानं ते वितळतं. नंबरप्लेट आणि मागचे लाल दिवे झाकले जाता कामा नयेत. आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा.

कुणी म्हणेल, बाई, हे चोचले कॅम्परवाल्यांचे, आमचं काय? पण सायकल सोबत नेणं आपल्याला नवं कुठे आहे? जुन्या लाल डब्याला मागे शिडी असायची. गव्हाचं पोतं, ट्रंक आणि सायकल एकाच टपावर चढायची. दोरीनं आवळली की झालं. शिक्षणाला निघालेल्या पोराची सायकल अशीच गावाहून शहरात जायची. पोराची, हं! पोरीची क्वचितच.

आणि मला बोलायचं आहे ते इथंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. दूरच्या मुलींसाठी निळ्या बस आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. हे सगळं चांगलंच आहे. त्या सायकलीनं कितीतरी पोरी बारावीपर्यंत पोचल्या. पण बारावीनंतर ती सायकल कुठे जाते, ते आपल्याच घरात बघा. पोरगी कॉलेजसाठी वाशीमला किंवा अकोल्याला खोली घेऊन राहते, सायकल गावी. लग्न होऊन सासरी जाते, सायकल माहेरी. भाऊ चालवतो, नाहीतर गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखाली गंजते. तिच्या नावानं आलेली बहुधा पहिली वस्तू, आणि तीच मागे राहते!

कपाट, फ्रिज, गादी टेम्पोत बांधून सासरी जातात. त्या टेम्पोत एका सायकलीला जागा होत नाही का? जागा असते. फक्त ती ठेवावी असं कुणाच्या मनात येत नाही. आणि सासरच्या दारी सायकल उतरली तर ‘सून सायकलवर फिरणार की काय’ या प्रश्नाची धास्ती असते. त्या प्रश्नाला हो म्हणायला काय हरकत आहे? दळण, दवाखाना, बचत गटाची बैठक, लेकराची शाळा या सगळ्यांसाठी कुणाच्या मोटरसायकलची वाट बघायची गरज उरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, कॅम्पर घ्या असं मी सांगत नाही. पोरगी शिकायला निघाली किंवा नांदायला निघाली, की तिची सायकल तिच्यासोबत चढवा. टेम्पोत, जीपवर, जमेल तिथं. दोरी घरातलीच चालेल, जुन्या ट्यूबचा पट्टा तर आणखी चांगला. चाकात हवा भरून द्या आणि कुलपाची चावी तिच्याच हातात ठेवा.