जुन्या गाडीची किंमत मागून मोजा

‘किंमत कशी ठरवायची’ हा व्हिडिओ पाहून आपल्या एका प्रेक्षकाने मेल केला. मुलगा पुण्याचा, सध्या इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला गाड्यांच्याच कंपनीत इंजिनियर आहे. तिथे त्याला एमजीबी रोडस्टर मिळतेय, वरचं छत उघडणारी दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. बारा वर्षं शेडमध्ये पडून, अर्धी खोललेली, सुटे भाग खोक्यांत. मालक 4,000 पाउंड मागतोय. याचा प्लॅन असा की गाडी दुरुस्त करायची, विकायची, आणि जमलं तर पुढे हाच धंदा करायचा. त्याचा प्रश्न एकच : “सर, 4,000 योग्य आहेत का?”

माझं स्पष्ट मत आहे, नाहीत. कारण मात्र तुम्हाला वाटतं ते नाही.

एमजीबी ही काही दुर्मिळ गाडी नव्हे. 1962 ते 1980 या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांवर गाड्या बनल्या. 1798 सीसीचं साधं इंजिन, भाग आजही सहज मिळतात, अगदी नवीन बॉडीशेलसुद्धा! धंद्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तयार गाडी कितीला जाते हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही जीव ओतून काम केलंत म्हणून गिऱ्हाईक दुप्पट देणार नाही. वरची किंमत बाजाराने आधीच बांधून ठेवली आहे. म्हणून हिशेब मागून करायचा.

आकडे समजण्यापुरते धरतो, तुम्ही तुमचे घाला. तयार, नीटनेटकी गाडी 12,000 पाउंडांना जाते असं समजा. (जाहिरातीतला भाव नको, लिलावात खरोखर विकलेल्या गाड्यांचा बघा. मागणारा काहीही मागतो.) त्यातून पत्राकाम आणि वेल्डिंग 3,500, रंग 3,000, इंजिन-ब्रेक-सस्पेन्शन 1,800, सीट-छत-टायर 1,700 वजा करा. झाले 10,000. अचानक निघणाऱ्या कामांसाठी त्यावर 15 टक्के, म्हणजे 1,500. हातात उरले 500. आणि अजून याच्या स्वतःच्या कष्टाचा एक पैसाही धरलेला नाही! 300 तास, तासाला फक्त 12 पाउंड धरले तरी 3,600 होतात. म्हणजे मालकाने गाडी फुकट दिली तरी 3,100 चा तोटा.

इथे लोक म्हणतात, “सर, माझाच वेळ आहे, तो कशाला मोजायचा?” मोजायचा! मी 2011 मध्ये एक जुनी मोटारसायकल अशीच घेतली होती. सगळं धरून 61 हजार घातले, 48 हजारांना विकली, आणि वर आठ महिन्यांचे रविवार गेले. बायको अजून ऐकवते. छंद म्हणून केलं असतं तर काही बिघडलं नसतं. मी त्याला धंदा म्हणत होतो, ही चूक.

आता गाडी बघायची कशी, हे नीट वाचा. एमजीबीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. वर छप्पर नाही, म्हणून सगळी ताकद दाराखालच्या पत्र्याच्या पेटीत, ज्याला तिथे ‘सिल’ म्हणतात. ती गंजली की गाडी मधून बसते. दाराची फट वर आणि खाली सारखी आहे का बघा. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे. गंजक्या सिलवर नवीन पत्रा डकवून रंग मारणारे महाभागही असतात. नीट काम करायचं तर पुढचा मडगार्ड काढावा लागतो, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो, आणि कापण्याआधी बॉडीला आधार द्यावा लागतो, नाहीतर नंतर दारं लागत नाहीत. म्हणून मालकाकडे या कामाचे फोटो मागा. फोटो नसतील तर काम झालेलं नाही असं धरून चाला. मालकाने आधी किती ओतले, हा त्याचा प्रश्न, तुमच्या किमतीत तो आकडा येतच नाही. आणि खोक्यांत सगळे भाग आहेत असं तो म्हणाला, तरी एकेक मोजून घ्या.

मग त्याने काय करावं? त्याच्याच यादीत दुसरी एक एमजीबी होती, 5,500 ची. इंजिन बंद, पण बॉडी सुकी आणि मजबूत. ‘महाग आहे’ म्हणून त्याने सोडलेली! तिचा हिशेब असा : भाग 2,000, त्यावर 15 टक्के म्हणजे 300, आणि 80 तासांचे 960. एकूण 8,760. रंग जुना आहे म्हणून 11,000 नाच विकली तरी 2,240 सुटतात. इंजिन तो स्वतः उघडू शकतो, पत्रा आणि रंग मात्र दुसऱ्याकडून करून घ्यावा लागतो. आपल्याला येतं ते काम ज्या गाडीत जास्त, ती गाडी घ्यायची.

एक अडचण मी त्याला आधीच सांगितली. विकण्यासाठीच गाड्या घेणं हा तिथे व्यापार धरला जातो, कर लागू शकतो. शिवाय त्याच्या व्हिसावर स्वतःचा धंदा चालतो का, हे पहिला पाउंड देण्याआधी विचारून घ्यायला हवं.

तो शनिवारी दुसरी गाडी बघायला जातोय, खिशात लोहचुंबक घेऊन. पहिल्या मालकालाही मी 500 ची ऑफर द्यायला सांगितली आहे, सुट्या भागांसाठी म्हणून. तो चिडेल बहुतेक. चिडू दे.