ते कपाट हलवू नका

गेल्या श्रावणात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. वाचनालय लहानसेच आहे. भाईंदर पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एक ग्रंथपाल आणि अकरा कपाटे. विषयपत्रिकेवरचा तिसरा विषय होता ‘जागेची अडचण’. अडचण खरी आहे. खाडीकडून येणारी खारी, दमट हवा पुस्तकांना मानवत नाही, आणि नव्या खरेदीला फळी उरलेली नाही. त्यावर एका सन्मान्य सभासदांनी उपाय सुचवला. कोपऱ्यातले हिरवे कपाट रिकामे करावे. त्या कपाटात ना. सी. फडके आहेत, काकोडकर आहेत, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर आहेत. “या प्रेमाच्या कादंबऱ्या आता कोण वाचतं?” ते म्हणाले. “काढून टाकल्या तर जागाही होईल आणि वाचनालयाचा दर्जाही वाढेल.”

कोण वाचते, याचे उत्तर देवघेवीच्या नोंदवहीत होते. ते ग्रंथपालबाईंनी तिथेच वाचून दाखवले, आणि निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीवर गेला. दर्जाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले, कारण तेवढ्यात चहा आला. ते उत्तर मी इथे देणार आहे.

आधी एक कबुली देते. या बाबतीत मी स्वतः निर्दोष नाही. १९८१ साली लग्न होऊन गिरगावातून मी भाईंदरला आले, तेव्हा रुळांच्या दोन्ही अंगांना मिठागरे पसरलेली दिसत. पुढे इथे १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली. त्या सगळ्या काळात मी चर्चगेटची नोकरी केली आणि गाडीत वाचत राहिले. माझ्या पिशवीत नेहमी दोन पुस्तके असत. एकदा त्यांत शेजवलकरांचे ‘पानिपत’ होते आणि दुसरी शैलजा राजे यांची कादंबरी होती. कादंबरीला मी कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातले होते. ‘पानिपता’ला घातले नव्हते. हजारो माणसे कापली गेल्याची हकीगत मला उघड वाचता येत होती, आणि दोन माणसे एकमेकांच्या प्रेमात पडल्याची हकीगत झाकून वाचावी लागत होती! हे विचित्र आहे, असे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

विरार गाडीने गेलेल्या वाचकांना एक अनुभव असेल. बोरिवलीला उतरणारी बाई त्या गाडीत चढू लागली की दारातल्या बायका तिला अडवतात, “ही तुमची गाडी नव्हे.” तिच्यापाशी तिकीट असते आणि गाडी कोणाच्याच मालकीची नसते, तरीही तिने खाली राहावे, असा दारात उभे असणाऱ्यांचा निवाडा असतो. साहित्याच्या दारातही अशी काही मंडळी वर्षानुवर्षे उभी आहेत. त्यांचे आक्षेप तीन आहेत. आपण ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा की, या सगळ्या कादंबऱ्या एकसारख्या असतात आणि शेवट आधीच ठाऊक असतो. बरे, मग? कीर्तनाला बसलेल्या माणसाला द्रौपदीची लाज राखली जाणार हे ठाऊक नसते काय? ठाऊक असते म्हणूनच तो निर्धास्तपणे बसतो आणि कसे घडले ते ऐकतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या प्रत्येकीत शेवटी गुन्हेगार सापडतो. घरातली कर्ती पुरुषमंडळी त्या चवीने वाचत, आणि त्याला ‘विरंगुळा’ म्हणत. बायकोने कादंबरी उघडली की तोच विरंगुळा ‘थिल्लरपणा’ होतो. तेव्हा ही तक्रार सारखेपणाची नाही. पुस्तक कोणाच्या हातात आहे, त्यावरून ती ठरते.

दुसरा आक्षेप नीतीचा. अशा वाचनाने तरुण मुली बिघडतात, असे म्हणतात. या आक्षेपाची तर न्यायालयात तड लागलेली आहे, आणि तीही एका दिवाळी अंकावरून! १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने काकोडकरांना पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, शृंगाराचा नुसता उल्लेख अश्लील ठरवला, तर तरुणांना कादंबरी म्हणून वाचता येणार नाही; निव्वळ धार्मिक ग्रंथ तेवढे उरतील.

आणि आपल्या धार्मिक ग्रंथांत काय आहे? लग्न लवकर जमावे म्हणून उपवर मुलीला एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करावयास सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. १५७१ साली पुरा झालेला हा ग्रंथ. त्याची नायिका घरच्यांनी ठरवलेला वर नाकारते, ज्याला केवळ गुण ऐकून वरले त्याला ब्राह्मणाच्या हाती गुप्तपणे पत्र पाठवते, आणि ऐन लग्नाच्या वेळी देवीच्या दर्शनाहून परतताना त्याच्या रथातून निघून जाते. ज्या आयांनी मुलींच्या उशाखालून कादंबऱ्या काढून घेतल्या, त्यांनीच हे पारायण त्यांच्याकडून करवून घेतले! मुली बिघडल्या नाहीत. मनाजोगता माणूस मिळावा, ही इच्छा तेवढी त्यांच्या मनात राहिली, आणि तसे वाटण्यात गैर काय आहे?

दर्जाचे म्हणाल, तर ‘कादंबरी’ हा शब्द आपण कुठून घेतला? बाणभट्टाच्या संस्कृत कथेतून. कादंबरी हे त्या कथेतल्या नायिकेचे नाव, आणि ती कथा जन्मजन्मांतरीच्या प्रेमाची. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजेतली. तीही मुख्यतः प्रेमाचीच. प्रेमकथा वाचनालयाबाहेर काढावयाची, तर मग ‘कादंबरी विभाग’ ही पाटीही काढावी लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत सोज्ज्वळ दिसतो: हा वेळ चांगल्या पुस्तकांना द्यावा. यात असे गृहीत धरले आहे की, माणूस एक तर हे वाचतो नाही तर ते. नोंदवहीची पाने वेगळेच सांगतात. आमच्या एक सभासद रात्रपाळीच्या परिचारिका आहेत. त्यांच्या खात्यावर गेल्या वर्षी सुमती क्षेत्रमाडे, ‘रुचिरा’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, कुसुम अभ्यंकर, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि पुन्हा क्षेत्रमाडे अशी नोंद आहे. क्षेत्रमाडे आणि अभ्यंकर या दोघीही व्यवसायाने डॉक्टर होत्या, आणि अभ्यंकर तर रत्नागिरीच्या आमदारही. लिहिणाऱ्या बाईला दवाखाना, विधानसभा आणि प्रेमकथा एकत्र सांभाळता येतात. मग वाचणाऱ्या बाईला ‘युगान्त’ आणि प्रेमकथा एकत्र का सांभाळता येऊ नयेत?

फडके आणि खांडेकर यांचा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद महाराष्ट्रात केवढा गाजला! १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके, १९४१ साली सोलापूरला खांडेकर. वाद लेखकांत होता. वाचक मात्र वाचनालयातून दोघांनाही एकाच पिशवीत घालून घरी नेत होता.

आणि असे मिसळून वाचल्याने काय होते? याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या भाषेत सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीवरच झोड उठली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. १८८२ साली ती छापली गेली. त्या लहानशा पुस्तकात त्यांनी शास्त्रकारांना जाब विचारला, वर्तमानपत्रांना विचारला, आणि त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणाचीही झडती घेतली. ही झडती त्यांना घेता आली, कारण त्यांनी ते सारे वाचले होते! नुसती शास्त्रे वाचणाऱ्याला ते साधले नसते, आणि नुसत्या कादंबऱ्या वाचणारीलाही नसते. एक पुस्तक दुसऱ्याची उलटतपासणी घेते, ती अशी. फडक्यांच्या नायकापाशी मोटार येते तरी कुठून, हा प्रश्न मला ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर पडला. आणि पानिपतावर गेलेल्यांच्या मागे घरी वाट पाहत बसलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न मला ‘पानिपत’ वाचताना पडला, तो पिशवीतल्या त्या दुसऱ्या, कव्हर घातलेल्या पुस्तकामुळे.

वाईट प्रेमकादंबऱ्या नसतात, असे मी म्हणत नाही. पुष्कळ असतात. नायकाने मुस्कटात मारावी आणि नायिका विरघळावी, अशी पाने मी संतापाने मिटली आहेत. पण अशा पुस्तकांवर टीका करावयाची तर ती आधी वाचली पाहिजेत. टीकाकारांनी या कपाटाकडे पाठ फिरवली. त्यामुळे त्यातले चांगले आणि वाईट निवडण्याचे काम एकट्या वाचणारीवर पडले, आणि तेही चोरून.

हे चोरून वाचणे अजून संपलेले नाही. मागच्या वर्षी एका रविवारी दुपारी मी खोलीत गेले, तर सुनेने हातातले पुस्तक पालथे घातले. तिच्या फोनवर ‘प्रतिलिपी’वरच्या मराठी प्रेमकथा असतात, हे मला माहीत होते. हे पुस्तक इंग्रजी होते, कोलीन हूवर या अमेरिकन लेखिकेचे ‘इट एंड्स विथ अस’, २०१६ सालचे. मी म्हटले, “अगं, झाकतेस कशाला? मीही तेच केलंय जन्मभर.” मग तिने मला गोष्ट सांगितली. नायिकेचा नवरा तिच्यावर जीव टाकतो आणि तिला मारतोही. शेवटी मुलगी झाल्यावर ती त्याच्यापासून वेगळी होते. गोष्ट सांगून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, “आई, आपल्या त्या आत्यांनी माहेरी कधी काहीच सांगितलं नव्हतं का हो?”

सांगितले होते. आम्हीच ऐकले नव्हते. चाळीस वर्षे त्या बाईबद्दल आमच्या घरात कोणी अवाक्षर काढले नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो. माझ्या कपाटातल्या वजनदार ग्रंथांपैकी एकानेही हा विषय आमच्या घरात काढला नव्हता.

२०२५ च्या जुलैत मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. भाषेसाठी लोक रस्त्यावर आले, याचे मोल मी जाणते. पण भाषा टिकते ती शनिवारी संध्याकाळी, भाजीची पिशवी दाराशी ठेवून “पुढचा भाग आला का हो?” म्हणून विचारणाऱ्या बाईमुळेही. तिचे कपाट रद्दीत घालून वाचनालयाचा दर्जा वाढणार नाही. वर्गणीदार मात्र कमी होतील.

हातातला हा दिवाळी अंकच पाहा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून कथा, कविता, विनोद आणि विचार एकाच वेष्टनात घरी येतात आणि घरातले सगळे ते वाचतात. चकलीच्या शेजारी लाडू ठेवल्याने चकलीचा दर्जा उतरला, असे कोणी म्हणत नाही.

दिवाळीनंतरच्या बैठकीला मी जाणार आहे. माझी सूचना लिहून तयार आहे: हिरवे कपाट हलवू नये, कोपऱ्यातून काढून ते दाराजवळ, इतिहासाच्या कपाटाला लागून ठेवावे. सभासदांना माझी विनंती एवढीच, की येताना दोन्हींतले एकेक पुस्तक न्यावे. कव्हर घालू नये.