'पर्यायच नव्हता' म्हणणाऱ्यांसाठी

ऑगस्ट उजाडला की आपल्याकडे ओपनहायमरचा फोटो आणि त्याखाली गीतेतली ओळ फिरायला लागते. 'एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण शेवटी आपली गीताच आठवली!' २०२३ च्या सिनेमानंतर तर विचारूच नका.

तो बर्कलीत आर्थर रायडरकडे संस्कृत शिकला, हे खरं. पण त्या ओळीची ती प्रसिद्ध टीव्ही मुलाखत १९६५ ची, म्हणजे चाचणीनंतर वीस वर्षांनी दिलेली. हिरोशिमाच्या आधी, शब्दाला वजन होतं तेव्हा तो काय म्हणाला, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

बॉम्बची धावपळ सुरू झाली हिटलरच्या भीतीने. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमन यांना युरेनियममधून बेरियम मिळालं. अणुकेंद्रक फुटतंय, हा अर्थ लावला लिझे माइटनर आणि फ्रिश यांनी. शोध जर्मनीत लागलेला, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण १९४४ सरता सरता कळलं होतं की जर्मनीकडे बॉम्ब नाही. मे १९४५ मध्ये जर्मनी शरणही आली. काम थांबलं? छे!

एक माणूस मात्र थांबला. जोसेफ रॉटब्लाट, पोलंडचा ज्यू. बायको पोलंडमध्येच अडकलेली, ती पुन्हा दिसलीच नाही. सूड घ्यायचं कारण त्याच्याइतकं कुणाकडे होतं? तरी १९४४ च्या अखेरीस तो लॉस अलामॉस सोडून निघाला. बक्षीस काय, तर हेर असल्याचा संशय. पुढे तो वैद्यकीय भौतिकशास्त्राकडे वळला.

आणि तो एकटाच शहाणा होता असंही नाही. ११ जून १९४५ ला शिकागोतल्या शास्त्रज्ञांनी जेम्स फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली अहवाल दिला: शहरावर टाकू नका, आधी वाळवंटात किंवा निर्जन बेटावर जगासमोर स्फोट करून दाखवा, नाहीतर शस्त्रस्पर्धा अटळ आहे. पाचच दिवसांनी, १६ जूनला, चार जणांच्या सल्लागार मंडळाने लिहून दिलं की थेट लष्करी वापराशिवाय स्वीकारार्ह पर्याय दिसत नाही. ते चौघे म्हणजे फर्मी, लॉरेन्स, कॉम्प्टन आणि आपले गीताप्रेमी ओपनहायमर.

जुलैत झिलार्डने अर्ज फिरवला. जपानला शरणागतीच्या अटी जाहीरपणे सांगा, त्या नाकारल्या तरच पुढचा विचार करा, एवढंच मागणं. ७० सह्या झाल्या. लॉस अलामॉसमध्ये तो फिरवायला ओपनहायमरने मनाई केली, असं टेलरने पुढे सांगितलं. वरिष्ठांच्या टेबलांवर फिरत राहिलेला तो अर्ज ट्रुमनपर्यंत पोचलाच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ला नागासाकी. एकट्या हिरोशिमात वर्षअखेरीपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसं गेली.

आता कमेंटमध्ये येणारच: 'युद्ध लांबलं असतं तर आणखी मेले असते.' कदाचित. जपान नक्की कशामुळे शरण आला, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण माझा मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की पर्याय कागदावर होता, मुदतीत दिला होता आणि तो देणारे कुणी भाबडे शांतिवादी नव्हते. त्यातले कित्येक जण त्याच प्रकल्पात राबणारे होते. 'पर्यायच नव्हता' हे वाक्य त्या ७० जणांच्या सह्या खोडून टाकतं.

दुसरी कमेंट: 'रॉटब्लाट गेला, बॉम्ब झालाच ना?' झाला. पण सोडून जाता येत होतं, हे त्याच्यामुळेच सिद्ध झालं. त्यामुळे 'आम्ही फक्त आमचं काम केलं' ही सबब त्यानंतर कुठल्याच शास्त्रज्ञाला, कुठल्याच इंजिनिअरला उरली नाही. माणसं मारणाऱ्या यंत्रांचं गणित आज कुणीतरी पगारावर सोडवतंच आहे, त्यांनाही नाही.

१९९५ चं शांततेचं नोबेल रॉटब्लाटला आणि त्याच्या पगवॉश परिषदेला मिळालं. या ऑगस्टमध्ये फोटो टाकायचाच असेल तर त्याचा टाका. त्याला श्लोक येत होता की नाही, याने काहीही फरक पडत नाही.