पूजा कोठें संपते?

देवपूजा कोठें संपते आणि जनसेवा कोठें सुरू होते, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा निघत नाहीं. नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, राहणाऱ्यास मात्र तो टाळतां येत नाहीं. १८३१ सालीं येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें पडलें, आणि प्रार्थनामंदिराशेजारीं शाळा व दवाखाना हें दृश्य परिचयाचें झालें.

या शेजाराचें कारण ख्रिस्ती शास्त्रांतच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत अंतिम न्यायाचें वर्णन येतें. तेथें प्रार्थना किती केली हें विचारलें जात नाहीं. भुकेल्यास अन्न दिलें काय, आजाऱ्याचा समाचार घेतला काय, हेंच विचारलें जातें. आणि दीनास जें दिलें तें प्रभूसच पोंचलें, असा निर्णय होतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे चित्पावन कुळांतील कवि १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं अभंग व कीर्तन ही आपलीच भजनपरंपरा त्या उपासनेंत नेली. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या. पतीकडे आल्यावरही आरंभीं सोंवळें पाळीत. तें सुटलें कसें, हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रां’त प्रांजळपणें सांगितलें आहे. सोंवळें गेलें आणि त्या घरांत निराधार मुलांस जागा झाली.

आक्षेप मला ठाऊक आहे. मीही तो अनेकदां घेतला आहे. दुष्काळांतील भाकरीनें माणसें विकत घेतलीं, असें आपण म्हणतों. अन्नाच्या मोबदल्यांत श्रद्धा मागणें हें दान नव्हे, व्यापार होय, हें खरेंच. परंतु या जिल्ह्यांत त्या धर्मांत गेलेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतील. १८९९–१९०० च्या दुष्काळापूर्वीं कित्येक पिढ्या ते आपल्या विहिरीपासून दूर उभे होते. परक्यानें भाकरी कां दिली, हें विचारण्याआधीं आपण पाणी कां दिलें नाहीं, याचें उत्तर आपणांस द्यावें लागेल.

आपलें शास्त्र याविषयीं मुकें नाहीं. भागवताच्या तृतीय स्कंधांत कपिलमुनि देवहूतीस सांगतात कीं, सर्व भूतांत वसणाऱ्या ईश्वराची उपेक्षा करून जो मूर्तीची अर्चा करतो, तो राखेंत हवन करतो. हा श्लोक मला बालपणापासून मुखोद्गत होता. त्याची निकड मात्र शेजारच्या धर्माकडे पाहून जाणवली.

त्यासाठीं धर्म बदलावा लागत नाहीं. नैवेद्याचें पान वाढतांना वडील मंडळींनीं एवढेंच विचारावें: आपल्याकडे भांडीं घासणाऱ्या बाईच्या घरीं आज चूल पेटली आहे काय? तिला पाणी आपल्याच पेल्यांतून मिळतें काय? उत्तर ‘नाहीं’ असें आल्यास पूजा अजून व्हावयाची आहे, असें समजावें.