खिशातला चाकू

दहावीचा शेवटचा पेपर झाला की पालकांचे फोन वेगळ्याच विषयांवर यायला लागतात. यंदा एका अम्मीने विचारलं, "टीचर, पोरगा दोस्तांबरोबर राजगडला चाललाय. सामानाची यादी आलीय त्यात टॉर्च, दोरी, शिटी आणि छोटा चाकू लिहिलंय. द्यायचा का? रस्त्यात पोलिसांनी धरलं तर?" मागून मुलाचा आवाज येत होता, "अम्मी, सगळे नेतात!"

त्या बाईंना मी फोनवर जे थोडक्यात सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही.

चाकूला आपल्या घरात कोणी घाबरत नाही. कोकणातली आठ-दहा वर्षांची मुलं आंबा, फणस कापताना दिसतात. अम्मी विळीवर मासे साफ करते, दादीच्या पानदानात अडकित्ता असतो. स्काउटच्या मुलांना तर घडीचा चाकू कसा वापरायचा ते शिकवतात. दोरी कापणं, फळ चिरणं, बँडेजची पट्टी कापणं, ही कामं डोंगरात पडतातच. तेव्हा मुलाच्या हातात चाकू आला म्हणजे तो बिघडला, असं मी मानत नाही. मात्र कोणता चाकू, कुठे आणि कशासाठी, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो हातात देऊ नये.

आधी कायद्याचं बघू. मुलांमध्ये एक समज पक्का बसलाय की "नऊ इंचांपेक्षा लहान चाकू असला की काही होत नाही." तो अर्धवट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ चे नियम आहेत. त्यांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. इथपर्यंत मुलांचं बरोबर. पण महाराष्ट्रात १९५१ चा पोलीस कायदाही आहे. त्याच्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापलेली ती "कलम ३७(१) व (३)" वाली बातमी आपण न वाचताच पान उलटतो. असा आदेश लागू असताना सार्वजनिक जागी चाकूच काय, लाठीकाठी बाळगायलाही बंदी असते. तिथे इंच मोजत बसायला कोणी थांबत नाही. सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या आसपास हे आदेश हमखास निघतात, आणि अनेक जिल्ह्यांत एकाची मुदत संपली की दुसरा येतो.

राज्य बदललं की नियमही बदलतो. दिल्लीत बटण किंवा स्प्रिंगने उघडणारा चाकू असेल आणि त्याचं पातं ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद असेल, तरी तो बाळगणं गुन्हा ठरतो. सहलीला किंवा कॉलेजच्या प्रवेशासाठी तिकडे जाणाऱ्या मुलांच्या बॅगा एकदा स्वतः उघडून बघा.

म्हणून त्या अम्मींना सांगितलं की बोटाएवढ्या पात्याचा, हाताने उघडायचा साधा घडीचा चाकू घ्या. बटणवाला नको, दुधारी नको, खंजिरासारखा दिसणारा तर मुळीच नको. ज्या दिवशी ट्रेक, त्याच दिवशी तो बॅगेत जाईल. खिशात किंवा कमरेला लावायचा नाही. बॅगेच्या तळाशी, जेवणाच्या डब्याजवळ, कापडात गुंडाळून ठेवायचा. घरी आला की परत स्वयंपाकघराच्या फडताळात. मनाई आदेश आहे का, ते ग्रुपच्या मोठ्या माणसाने आधी विचारून घ्यायचं, आणि असेल तर फळं घरूनच चिरून न्यायची.

वापरण्याची रीतही शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही. पातं स्वतःपासून बाहेरच्या दिशेला चालवायचं. कापताना हाताच्या अंतरात कोणी बसलेलं नको. दुसऱ्याला द्यायचा तर घडी करून, नाहीतर मूठ त्याच्याकडे करून द्यायचा आणि त्याने "घेतला" म्हटल्यावरच सोडायचा. बोथट चाकू जास्त कापतो, कारण जोर लावावा लागतो आणि तो सटकतो. हात कापलाच तर त्यात हळद, कॉफी भरू नका. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, आणि जखम खोल असेल तर टाके व धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.

यातलं काही आपल्याला नवं नाही. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोकं हाताने धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. उपसलेली तलवार दुसऱ्याच्या हातात देऊ नये, असंही आहे. भावाकडे हत्यार रोखणं तर थट्टेतही मना आहे. वर्गात पेन्सिल छिलायचं ब्लेड एकमेकांवर रोखून हसणाऱ्या मुलांना मी हेच ऐकवते.

आता ज्या गोष्टीने मला खरी काळजी वाटते ती. आमच्याकडे नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात फळं कापायची सुरी सापडली. मुलगा शांत, कधी कोणाशी भांडण नाही. बाजूला घेऊन विचारलं तर आधी काही बोलेना, मग रडायला लागला. ट्यूशनहून येताना वाटेत तीन मोठी मुलं त्याला अडवायची. एकदा पैसे घेतले, एकदा मोबाइल हिसकावून नंतर फेकून दिला. "टीचर, मारायची नियत नव्हती. फक्त दाखवणार होतो."

दाखवायला म्हणून नेलेल्या सुरीचं पुढे काय होतं ते बघा. समोरचे तिघे आहेत. ते हिसकावून घेऊ शकतात आणि मग तीच सुरी याच्यावर चालू शकते. किंवा झटापटीत याच्या हातून लागून जातं. त्या क्षणी आधी कोणी त्रास दिला होता, हे मागे पडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धारदार हत्याराने दुखापत केली तर कलम ११८ आहे. साधी जखम असली तरी तीन वर्षांपर्यंत कैद, गंभीर असली तर जन्मठेपेपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, हे खरं. पण खुनासारख्या गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचाही विचार होऊ शकतो.

त्या मुलाच्या अब्बांना बोलावलं. ते आल्या आल्या हात उगारायला निघाले, त्यांना बसवलं. मारून सुरी घरी राहील, भीती मात्र त्याच्याबरोबर रोज ट्यूशनला जाईल. मग ठरलं ते अगदी साधं होतं. त्याच गल्लीतल्या आणखी दोघांबरोबर जायचं-यायचं, ट्यूशनची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची, आणि त्या मोठ्या मुलांच्या घरी मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनी जाऊन बोलायचं. ते गेलेही. महिनाभरात तो त्रास थांबला. नसता थांबला तर आम्ही पोलिसांत तक्रार देणार होतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे, तो नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

मुलाला पोलिसांनी कधी ताब्यात घेतलंच, तर घाबरून ओळखीच्या दलालाकडे धावू नका. कायद्याने मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं आणि पालकांना कळवावं लागतं. वयाचा दाखला घेऊन शांतपणे जा आणि वकील करा.

मोबाइलचं एक वेगळंच. तलवारीने वाढदिवसाचा केक कापला, कोयता फिरवत रील टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या पुणे-नागपूरकडून वारंवार येतात. रील काढणाऱ्याला गंमत वाटते, पोलिसांना तो पुरावा वाटतो. ऑनलाइन "शोपीस" म्हणून मागवलेल्या वस्तूंवरही लक्ष ठेवा. औरंगाबादला २०१८ मध्ये असं मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. घरी पार्सल आलं की ते मुलासमोर उघडायला काय हरकत आहे?

बकरी ईदच्या सुऱ्यांचं मात्र घरातल्या मोठ्यांनीच बघावं. धार लावायला पोरांना बाइकवर पिटाळायची सवय आपल्याकडे आहे. दोघं बसलेले, मागच्याच्या हातात उघडी छुरी, आणि नेमके ते दिवस बंदोबस्ताचे. चौकातल्या शिपायाला त्यात कुर्बानी दिसेल की आणखी काही, हे त्या पोराच्या नशिबावर का सोडायचं? धारवाल्यालाच मोहल्ल्यात एक दिवस बोलावून घ्या, सगळ्यांचं एकदम होतं. नाहीतर मोठ्या माणसाने दिवसाउजेडी, कागदात आणि कापडात बांधून, पिशवीत घालून न्याव्यात.

आणि दुबई-कुवेतहून येणाऱ्या मामू-चाचांना आधीच फोन करून ठेवा. भाच्यासाठी चाकू-कात्री-पक्कड एकत्र असलेलं ते किचेन आणायची त्यांना फार हौस असते. आणायचंच असेल तर चेक-इनच्या बॅगेत टाका म्हणावं. हँडबॅगेत ठेवलं तर विमानतळावरच काढून घेतात.