टपरीवाला आरोपी, पार्सलवाला मोकळा!

कल्याण-नगर रस्त्याने ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की वाटेत पिंपरी पेंढार लागते. जुन्नर तालुक्यातले गाव. आजूबाजूला ऊस, कांदा, टोमॅटो आणि उसात बिबट्या. तरीही पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने पोरे घोळक्याने पळताना दिसतात. पोलीस भरतीची पोरे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला आहेत, म्हणून हा आटापिटा. ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा आहे, त्याचे एखादे वर्ष वाया गेले तरी भागते. आमच्या वस्तीतल्या पोराचे भागत नाही.

अशाच एका पोराच्या हातात आम्ही ते यंत्र पाहिले. दिसायला जाडसर पेन. धावून आल्यावर मोरीच्या कठड्यावर बसून तो ओढत होता. वास आंब्याचा. आम्ही हटकले तर म्हणाला, “काका, ही सिगारेट नाही. नुसती वाफ आहे. तंबाखूबिंबाखू काही नाही यात.” शेजारी बसलेला दुसरा म्हणाला, “तू दुकानातून घेतलीस म्हणून महाग पडली. मी ऑनलाइन मागवली, निम्म्यात.” झाले, दोघांची जुंपली. दुकानात वस्तू हातात घेऊन बघता येते, बिघडली तर दुकानदाराला जाब विचारता येतो, हे एकाचे म्हणणे. दुकानात गेले की गावभर बोभाटा होतो, ऑनलाइन मागवले की खोके गुपचूप हातात पडते, हे दुसऱ्याचे. पॉड, कॉइल, लिक्विड हे शब्द आम्ही त्या सकाळी पहिल्यांदा ऐकले.

गंमत अशी की हा वादच मुळात होऊ शकत नाही, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने तिचा कायदा केला. तयार करणे, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळे बंद. विक्री म्हणजे काय हे सांगतानाच कायद्याने ऑनलाइन विक्रीही त्यात धरली आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवू दिला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. म्हणजे दुकानात घ्या नाहीतर मोबाईलवर मागवा, माल चोरीछुपेच येणार. आणि जो परदेशी संकेतस्थळावरून मागवतो, तो स्वतःच आयात करणारा ठरू शकतो, हे आमच्या पोरांना कोण सांगणार?

आता ‘नुसती वाफ’. हे यंत्र २००३ साली होन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञाने पुढे आणले. त्यात पाणी उकळत नाही. निकोटीन मिसळलेला द्रव तापवून त्याचे तुषार फुप्फुसात ओढले जातात. निकोटीन म्हणजे तंबाखूची जी चटक लागते ती. पान काढून घेतले आणि चटक तेवढी ठेवली, एवढाच काय तो शोध! अमेरिकेत ‘ज्यूल’ नावाच्या कंपनीच्या यंत्राने शाळकरी पोरांना असे काही पछाडले की २०१८ साली तिथल्या सर्जन जनरलला ही साथ असल्याचे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात मार्लबोरो सिगारेटची मालक असलेल्या आल्ट्रिया कंपनीने १२.८ अब्ज डॉलर मोजून त्या ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला. सिगारेट सोडवणारे म्हणून जे यंत्र विकले जात होते, त्यात सिगारेटवाल्यानेच पैसा घातला. यातून काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

दुसरी बाजू लपवण्याचे आम्हाला कारण नाही. विलायतेत सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाला सरकारी आरोग्यसेवाच व्हेपचा पर्याय सुचवते, कारण जळत्या सिगारेटपेक्षा ते कमी घातक असल्याचे तिथले तज्ज्ञ मानतात. पण तिथे द्रवात निकोटीन किती असावे याला मर्यादा आहे, मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम. अठरा वर्षांखालच्याला विकता येत नाही. आणि एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर तर तिथेही १ जून २०२५ पासून बंदी आली. इथे पिंपरी पेंढारच्या मोरीवर जे आंब्याच्या वासाचे पेन ओढले जाते, त्यात २० मिलिग्रॅम आहे की ५० आहे, हे कोणी मोजले? खोक्यावर छापलेला आकडा खरा की खोटा, हे कोण तपासणार? २०१९-२० साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसे निकामी होऊन अडीच हजारांहून जास्त लोक दवाखान्यात पोचले आणि ६८ दगावले. त्यातले बहुतेक गांजाचा अर्क असलेला, चोरून विकलेला भेसळीचा माल ओढत होते. चोरट्या मालाची गोष्ट अशी असते. आणि आमच्याकडे सगळाच माल चोरटा.

त्या ऑनलाइनवाल्या पोराचेच बघा. पुढच्या वेळी त्याने आगाऊ पैसे पाठवले. पैसे गेले, खोके आले नाही, समोरच्याचा नंबर बंद. आमच्याकडे आला, “काका, तक्रार कुठं करायची?” आम्ही काय सांगणार? बंदी असलेला माल मागवला होता आणि तो मिळाला नाही, असा अर्ज ग्राहक मंचात द्यायचा?

तरीही ऑनलाइनचे आकर्षण आमच्या पोरांना का वाटते, याचा विचार आम्ही वरवर करणार नाही. त्याचे मूळ खोल आहे. आमच्या आज्याच्या काळी गावच्या वाण्याच्या दुकानात आमच्या माणसाला पायरी चढता येत नव्हती. पैसे लांबून ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडले जायचे, मग पुडी वरून ओंजळीत टाकली जायची. बापाच्या काळात पायरी चढता आली, पण उधारीच्या वहीत नावाआधी जात लिहिलेली असायची. आजचा पोरगा मोबाईलवर बूट मागवतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तके मागवतो, तेव्हा पलीकडचा त्याला आडनाव विचारून किंमत सांगत नाही. दुकानदाराच्या नजरेतून सुटका, हे त्याच्यासाठी लहानसहान सुख नाही. या सुखाला आम्ही कधीच नावे ठेवणार नाही. पण जी यंत्रणा जात विचारत नाही ती वयही विचारत नाही. ‘अठरा पूर्ण’ या चौकोनात टिचकी मारली की बाराव्या वर्षीचे पोरही सज्ञान होते. टपरीवाला निदान ओळखतो. “तुझ्या बापाला सांगीन हां,” एवढे तरी म्हणतो. सगळेच म्हणतात असे नाही, पण म्हणणारे आहेत.

आणि हा टपरीवाला तरी कोण आहे? फाट्याफाट्यावर, एसटी थांब्यावर, कॉलेजच्या वाटेवर पत्र्याचा डबा टाकून बसलेली माणसे एकदा नीट बघा. त्यात आमची माणसे किती आहेत ते मोजा. आमच्या माणसाने खानावळ टाकली तर गिऱ्हाईक टिकेल का, याची धास्ती अनेक गावांत आजही आहे. बंद पुडीला मात्र विटाळ नाही! तंबाखूची पुडी कोणाच्याही हातून चालते. म्हणून भांडवल नसलेल्या, शेती नसलेल्या माणसाच्या वाट्याला हा धंदा येतो. तो कोणी हौसेने निवडलेला नाही.

अशाच एका टपरीवाल्या तरुणाची हकिकत आमच्या कानावर आहे. गाव सांगत नाही. मोटारसायकलवरून कोणी एक जण आला, दहा ‘पेने’ ठेवून गेला, विकली तर प्रत्येकी इतके कमिशन म्हणाला. त्याने चार विकली. उरलेली सहा डब्यात सापडली. माल देणाऱ्याचे खरे नाव त्याला माहीत नाही. कुठून आला, कोणत्या बंदरात उतरला, कोणत्या गोदामात होता, काहीच माहीत नाही. गुन्हा मात्र त्याच्या नावावर. हा तरुणसुद्धा दोन वर्षांपूर्वी भरतीसाठी पळत होता. आता चारित्र्य पडताळणीचा कागद आला की काय लिहून येईल?

कायदा कागदावर दोघांनाही सारखा आहे, हे आम्ही वर सांगितलेच. राबवताना तो सारखा राहत नाही, हा आमचा आक्षेप आहे. टपरी रस्त्यावर असते, तिला पत्रे असतात, ती पळून जात नाही. पार्सलवर ‘मोबाईलचे साहित्य’ असे लिहिलेले असते आणि ते आणणारा कुरिअरचा पोरगाही पोटासाठी वणवण करणारा, आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसते. संकेतस्थळ आज बंद केले तर उद्या दुसऱ्या नावाने उघडते. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ई-सिगारेट विकणाऱ्या १५ संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. म्हणजे बंदीला जवळपास चार वर्षे होऊन गेल्यावरही उघड्यावर दुकान मांडलेले होते. नोटिशीने टपरी उठत नाही, टपरीला जीप येते. संकेतस्थळाला मात्र आधी नोटीस! हा फरक कोणाच्या सोयीचा आहे?

सरकारच्या शुद्ध हेतूबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. व्हेपवर बंदी आली, सिगारेटवर नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे १५ टक्क्यांच्या आसपास शेअर सरकारी आयुर्विमा महामंडळाकडे आहेत. २००३ च्या तंबाखू कायद्यात शाळेपासून १०० यार्डांच्या आत किंवा अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकली तर दंड किती, तर २०० रुपयांपर्यंत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण ती किती वेळा लावली जाते हे शाळेच्या कोपऱ्यावर उभे राहून कोणीही बघावे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-विडी विकायलाही बंदी झाली. गुटखा मिळायचा थांबला का?

आता आमच्याच घरात डोकावू. व्हेप हे शहरातून आलेले नवे सोंग आहे, अजून ते आमच्या वस्तीत थोड्याच हातांत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशात ई-सिगारेट ओढणारे शेकडा ०.०२ निघाले होते, आणि महाराष्ट्रात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे प्रौढ शेकडा २६.६. त्यातले बहुतेक खाणारे, चोळणारे, दातांना लावणारे. सुपारी, चुना, तंबाखू प्लॅस्टिकच्या कागदात घासून केलेला मावा जुन्नर-संगमनेर पट्ट्यात पोरांच्या खिशात पेनाआधी असतो. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री आमच्या आया-बहिणी सकाळी उठल्याबरोबर लावतात. ती आजी नातीच्या बोटालाही लावून देते, “दात शिवशिवतात तिचे” म्हणून. बाबासाहेबांनी दिलेल्या पंचशीलातले पाचवे शील आम्ही विहारात हात जोडून म्हणतो आणि बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता तळहातावर चुना मळतो. अशा कार्यकर्त्याने पेनवाल्या पोराला उपदेश केला तर पोरगा हसणार नाही तर काय करील? आमच्याही खिशात १९ वर्षे पुडी होती, हे इथे लिहून टाकतो.

म्हणून टपरीवाला आमचा आहे एवढ्याखातर त्याने व्हेप विकावे असे आम्ही म्हणणार नाही. त्या मोटारसायकलवाल्याला त्याने डब्याजवळ उभे करू नये. चार पेनांचे कमिशन आणि आयुष्यभराचा गुन्हा, हा हिशेब त्याला कार्यकर्त्यांनी टपरीवर जाऊन समजावून सांगावा, समाजमंदिरातल्या भाषणातून नव्हे. पोरांनाही दुकान बरे की ऑनलाइन बरे या वादातून बाहेर काढावे. दोन्हीकडे त्यांचा खिसा कापला जातो आणि दम तुटतो.

येत्या पौर्णिमेला विहारात बैठक आहे. त्यानंतर तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला निवेदन द्यायचे ठरले आहे. त्यात मागण्या तीनच ठेवल्या आहेत. टपरीवर माल सापडला तर तपास टपरीवर न थांबता माल देणाऱ्यापर्यंत आणि पैसे ज्या खात्यावर गेले त्या खात्यापर्यंत न्यावा. तालुक्यात येणाऱ्या पार्सलांची जबाबदारी पोचवणाऱ्या पोरावर न टाकता पाठवणाऱ्यावर आणि कंपनीवर टाकावी. आणि जो टपरीवाला तंबाखू सोडून दुसरा माल ठेवायला तयार असेल, त्याला महात्मा फुले महामंडळाचे कर्ज मिळवून देण्यासाठी तालुक्यातच शिबिर घ्यावे. निवेदनावर पहिली सही त्या ऑनलाइनवाल्या पोराने करतो म्हणून सांगितले आहे. दुसरा अजून तयार नाही. त्याचे पेन चालू आहे आणि त्याचे १६०० मीटर गेल्या महिन्यापेक्षा १९ सेकंदांनी मागे पडले आहेत.